मोंढ्यात पकड मोजताना

यंत्र म्हणजे एक दांडा आणि एक काटा.
मुठीत धरायचं, दाबायचं,
काटा थांबेल तो आकडा मी लिहून घेते.
सिव्हिलातून एवढंच सांगितलंय:
पकड, वय,
आणि काल दिवसभरात काय खाल्लं.

परभणीचा मोंढा. सौदा अजून फुटायचा आहे.
तुरीच्या थप्पीला पाठ लावून हमाल बसलेत,
भुवयांवर भुसा, डोक्यावर गोणपाटाची खोळ.
मुंजाजी पहिला उठला,
बाकीच्यांनी ढकललं म्हणून.
छाती अशी की दार अडावं.
दात-ओठ खाऊन दाबलं त्यानं.
काटा चोविसावर डुगडुगला.

"मशीन बिघडलंय मॅडम," मागून कुणीतरी.
सगळे हसले, मुंजाजी नाही.
एक थान आटल्यावर दुसऱ्याकडं हात जावा
तसा त्यानं डावा हात पुढं केला.
तेवीस.

वय एक्केचाळीस.
काल काय खाल्लं?
"च्या. दोन खारी. मंग पुन्हा च्या.
दुपारी भजे-पाव.
सांजच्याला... ते लिहू नका.
रातच्याला भात, राशनचा. तिखट टाकून."
वरण?
"हे काय, रोज दीडशे पोते!"
त्यानं अंगठ्यानं मागची थप्पी दाखवली.
आता मात्र तोही हसला.
माझ्या कागदावर डाळीचा रकाना वाटीचा आहे,
पोत्यांचा नाही.
मी शून्य लिहिलं.

मागच्या आठवड्यात पायरीवर पोतं सुटलं त्याचं,
हे तो नाही, दुसऱ्यानं सांगितलं.
पाठ म्हणे तयार होती,
बोटंच उघडली आपोआप.

"मला बी दाबू दे की वं बाई."
ही गयाबाई.
मोंढ्याची माती झाडते,
जे सांडतं ते चाळून नेते.
त्रेसष्ट सांगते, कागदावर अठ्ठावन्न.
पदर खोचला, चूल फुंकावी तसा श्वास सोडला
आणि एकवीस.

शिट्ट्या.
काल काय खाल्लं?
"ज्वारीची भाकर. करडीची भाजी, हाटून.
जवसाची चटणी.
अन् हे वेचलेलं समदं एकात शिजवते,
तूर, मूग, हरभरा,
एखांदा खडा बी जातो."
खड्याला माझ्याकडं रकाना नव्हता.

तिनं मुंजाजीचा तळहात हातात घेतला,
वांगं निवडताना दाबतात तसा
अंगठ्याखालचा गड्डा दाबून पाहिला,
आणि काही न बोलता हात परत दिला.

बाईचा आकडा बाप्याच्या आकड्याशेजारी ठेवायचा नसतो,
साहेबांनी बजावलंय.
एका दिवसाच्या ताटावरून
काही सिद्ध होत नाही, हेही.
दोन्ही खरं आहे.
तरी रात्री वसमत रोडच्या खोलीवर
कागद लावताना
ते दोघं एकाखाली एक आलेच.

मग मी दार लावलं
आणि यंत्र स्वतःच्या मुठीत धरलं.
सोळा.
वय चौतीस.
काल काय खाल्लं?
पेन बराच वेळ तसंच उघडं.
टोस्ट. पाकिटातल्या शेवया. मोजण्याइतकं
पुढं काही आठवेना.

ओट्यावर जिंतूरहून आलेली बरणी आहे,
आईची शेंगदाण्याची चटणी, लाल झाकणाची.
तीन आठवडे झाले.
रुमाल धरून पाहिला, गरम पाणी ओतून पाहिलं,
उलथन्याच्या दांड्यानं ठोकून पाहिलं.
आई फोनवर विचारते, संपली का,
मी म्हणते, पुरवून खातेय.

दुसऱ्या दिवशी पिशवीत यंत्र,
यंत्राशेजारी बरणी.
मोंढ्यात मी ती कुणालाच दिली नाही,
नुसती पोत्यावर ठेवली.
मुंजाजीनं एकदा पाहिली, हात मागं घेतला.
गयाबाईनं उचलली, काखेत दाबली,
कट्.

चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटले तिनं.
"मीठ कमी पडलंय तुमच्या आईचं," मनली.
फडक्यातली अर्धी भाकर मोडली,
वर चटणी ठेवली
आणि मुंजाजीच्या आडव्या हाताकडं न बघता
त्याच्या मांडीवर ठेवून दिली.

तेवढ्यात सौदा फुटला.
तो भाकर तोंडात धरूनच उठला.